लाल दोऱ्याचं कणीस

पाटोद्याच्या बाजारात अण्णारावांची भुसाराची अडत होती, आणि त्यांची मुलगी कावेरी त्या अडतीवरच्या पोत्यांवर वाढली. बसायला पोतं, खेळायला पोतं, दुपारी डुलकी काढायलाही पोतंच. शाळेतून आली की दप्तर काट्यामागं फेकायची आणि आलेल्या मालात कोपरापर्यंत हात घालायची. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण तिच्या तोंडात ‘कावून’, म्हणजे ‘का’, हा एक शब्द बसला होता, त्यानं अख्खा बाजार वैतागला होता. तुरीच्या दाण्याच्या दोनच फाकी कावून? करडईला काटे कावून? हरभऱ्याचा घाटा आंबट कावून? लोकांनी तिचं नावच कावूनबाई ठेवलं. ती येताना दिसली की हमाल पाठीवरचं पोतं सावरत दुसऱ्या बाजूनं सटकायचे.

एकदा कुणीतरी नमुना म्हणून ज्वारीचं कणीस आणून ठेवलं होतं. कावेरीनं ते नखानं सोलत सोलत पार उघडं केलं आणि बापाच्या पुढ्यात धरलं. प्रत्येक टपोऱ्या दाण्याच्या शेजारी, त्याच देठातून निघालेलं, एक बारीक फोलकट होतं. आत काहीच नाही.

"अण्णा, ह्यो भरला आन् ह्यो पोचट कावून?"

"पोचटच असतंय ते. पहिल्यापासून."

"पण कावून? दोघं एकाच देठाचे हायेत की."

अण्णाराव तालुक्यातल्या कुठल्याही मालाचा भाव झोपेत सांगतील असा माणूस. पण या प्रश्नावर त्यांनी डोकं खाजवलं, कणीस हातात फिरवलं आणि म्हणाले, "देवानं केलंय तसं. जा, तीन चहा सांग." ती चहा सांगायला गेली. लहान पोरं प्रश्न विसरतात म्हणे. ही पोरगी विसरली नाही.

पुढं कावूनबाई परभणीला शेतकी शिकायला गेली, तिथंच पीएचडी झाली आणि नावापुढं डॉक्टर लावून गावात आली. शेजारच्या म्हाताऱ्यानं लगोलग येऊन खोकून दाखवलं. आपण झाडांच्या डॉक्टर, हे तिनं त्याला समजावलं, तर तो जाता जाता म्हणाला, "मंग झाड खोकलं की बोलावतो." नंतर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तिला नेमणूक मिळाली. ही नेमणूक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, ठरावीक मुदतीचं. काम दिसलं तर मुदत वाढते, नाही दिसलं तर गाशा गुंडाळायचा.

तो काळ मोठा घाईचा होता. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. पाटोद्याच्या चौकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले होते, घरांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या, बियाणांच्या दुकानात रंगीबेरंगी पुड्या आणि पुडीवर हसणारा शेतकरी. जो तो नवं काहीतरी विकत होता. "सगळं जग मोकळं सुटलंय," अण्णाराव गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची तेवढी कणसात अडकलीया."

खरंच अडकली होती. प्रयोगशाळेत तिचा विषयच तो. झाड सुरुवातीला अगदी इवलंसं असतं, तेव्हा त्याच्या सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग त्यातली एक मूळ होते, एक पान होते, एकीचा दाणा होतो आणि एक पोचट राहते. हे ठरवतं कोण? कधी ठरतं? आणि एकदा ठरलेलं मोडता येतं का? झाडाच्या जीनोममध्ये, म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या त्याच्या सगळ्या शिकवणुकीत, हे कुठं लिहिलंय ते शोधायचं. पुढ्यात महागडी यंत्रं होती, पण प्रश्न पोत्यावर बसून विचारला होता तोच. या गोष्टीचं कावेरीला स्वतःलाच हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

तिचे वरिष्ठ राधाकिशनसर मूळचे जालन्याचे. स्वभावानं गोड माणूस, पण जिवंत पुरावा हातात दिल्याशिवाय मान हलवायचा नाही.

संक्रांतीला ती घरी आली होती. अण्णारावांचं थोडं रान मांजरा नदीच्या अंगाला होतं, ते मंजुळाबाई आणि तिचा नवरा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचे. दरवर्षी दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला निघून जात. पण मंजुळाबाईच्या गुडघ्यानं दगा दिल्यापासून नवरा एकटाच टोळीबरोबर जायचा आणि ती मागं ज्वारी राखत बसायची. त्या दिवशी हुरडा होता. आगटी पेटली होती, मंजुळाबाई भाजलेली कणसं तळहातावर चोळत होती आणि फुंकर मारून फोलकटं उडवत होती. गरम दाण्यांची मूठ कावेरीच्या हातात पडत होती, वर तिळाची चटणी.

एका मुठीला मंजुळाबाई थांबली. "ह्ये कनीस चांगलं भरलंय गं. फुकलं तरी काई उडंना."

कावेरीनं दाणे तोंडात टाकलेही होते. तिनं चावणं थांबवलं. मंजुळाबाईच्या हातातलं उरलेलं बोटभर कणीस ओढून घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. प्रत्येक टपोऱ्या दाण्याशेजारी दुसरा दाणा होता. बारीक, पण भरलेला. जो पोचट राहायचा, तो राहिला नव्हता!

तिनं किंकाळी मारली. मंजुळाबाईला वाटलं, इंचू चावला.

पण भाजलेला दाणा उगवत नाही. अर्धं कणीस पोटात गेलं होतं, अर्ध्याचा कोळसा झाला होता. कावेरीनं ते रुमालात बांधून हैदराबादला नेलं. राधाकिशनसरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "छान भाजलंय. मीठ आणलंस का?" वर म्हणाले, "कावेरी, याची कळी पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, धरते ना, तेव्हा तिथल्या पेशी काय करतात ते बघायला पाहिजे. त्याला जिवंत रोप हवं, पिढीमागून पिढी. उगवणारा दाणा आण, मुदत वाढवून घ्यायचं माझ्याकडं लागलं."

इकडे अण्णारावांनी उदगीरचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. माणसं चांगली, कापडाचं दुकान, मुलगा शांत. कावेरीनं बापाशी तोंडी करार केला: पुढच्या सालच्या शिवरात्रीपर्यंत थांबा. काम लागलं तर मी माझ्या वाटेनं, नाही लागलं तर घरी येते आणि तुम्ही म्हणाल त्याच्या पुढ्यात पोहे ठेवते. बापानं हो म्हटलं. व्यापाऱ्याचा शब्द, आणि व्यापाऱ्याच्या पोरीचाही. मोडायची सोय नव्हती.

मंजुळाबाई घरचंच बियाणं पेरायची, म्हणजे तो गुण रानात पुन्हा निघू शकत होता, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. पुढच्या हंगामात ज्वारी फुलावर आली तेव्हा कावेरी रजा टाकून आली आणि भिंग घेऊन रानात शिरली. एकेक कणीस वाकवायचं, बघायचं, सोडायचं. ज्वारीच्या पात्यांनी हात सोलून निघाले. शेवटी पाटाच्या कडेला, ओलीला, एक धाट सापडलं. जोडीतल्या दोन्ही कळ्यांतून पिवळे पुंकेसर बाहेर लोंबत होते. दुसरं कुठं मिळतं का म्हणून तिनं अख्खं रान पुन्हा पालथं घातलं. मिळालं नाही. अख्ख्या रानात ते एकच.

फुलोरा सरेपर्यंत तिनं कणसावर कागदी पिशवी घालून ठेवली, शेजारच्या धाटाचा पराग लागू नये म्हणून. पिशवी काढली आणि मग तिला घोर लागला. आता हुरड्याचे दिवस. येणारा-जाणारा कणीस मोडणार. मागच्या सालासारखं हेही कुणाच्या तरी पोटात गेलं तर? पाटी लावावी तर गावात पाटी वाचायला थांबतं कोण, आणि थांबलाच कुणी, तर मुद्दाम तेच मोडायचा.

मग तिला युक्ती सुचली आणि स्वतःच्या हुशारीवर ती बेहद्द खूश झाली. त्या भागात बायांची एक रीत होती. रानात वेगळं, देखणं कणीस दिसलं की त्याच्या धाटाला लाल दोरा बांधायचा आणि मनात काय ते मागायचं. दोरा बांधला की ते धाट देवाचं. त्याला मग कुणी हात लावत नाही. हुरडा खाणारे लावत नाहीत, चोरही लावत नाहीत. कावेरीनं आईच्या पूजेच्या डब्यातला लाल दोरा आणला, धाटाला तीन वेढे दिले, घट्ट गाठ मारली आणि निवांत हैदराबादला गेली. सरांना सांगितलं तर तेही खो खो हसले.

ती युक्ती लागूही पडली. कुणीसुद्धा हात लावला नाही. रीत मात्र तिला अर्धीच आठवली होती.

शिवरात्रीला ती यायचीच होती, पण प्रयोगशाळेत वीज गेली, चालू प्रयोग पुन्हा मांडावा लागला आणि तिला दोन दिवस उशीर झाला. बीडहून पाटोद्याची एसटी धरली, बाजारात उतरली आणि घरी न जाता पिशवीसकट थेट रानात गेली. ज्वारीची काढणी झाली होती. धाटं उपटून पेंढ्या बांधलेल्या, रान रिकामं. पाटाच्या कडेला तेवढं एक धाट उभं होतं, लांबूनच दिसलं. तिचा जीव भांड्यात पडला. ती धावत गेली.

धाटाला शेंडाच नव्हता. कणीस विळ्यानं कापून नेलं होतं, दोऱ्यासकट.

"आली का माय!" मंजुळाबाई पेंढ्यांमागून लंगडत आली. तोंडभर हसू. "म्या वाट बघितली तुजी. न्हाई आलीस तर म्हनलं, देवाचं ठिवून घ्यायचं नसतंय. शिवरातीला म्याच जाऊन म्हादेवाला वाहून आले. लई पायऱ्या हायेत गं त्या टेकडीला, पर गेले. तुजं काम झालंच समज."

कावेरीनं धाटाचं कापलेलं टोक बोटानं चाचपलं. दोरा बांधलेलं कणीस पिकलं की देवाला न्यायचं असतं. बांधणारीला जमलं नाही, तर रानातल्या दुसऱ्या बाईनं न्यायचं. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. देवाचं म्हणून कुणी हात लावू नये, एवढं तिनं घेतलं होतं. देवाचं म्हणजे देवाला द्यायचं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिच्यासाठी ही बाई दुखरा गुडघा घेऊन टेकडी चढली होती. रागवायचं तरी कुणावर?

ती वळली आणि देवळाकडे पळत सुटली. म्हाळू गुरव सभामंडप झाडत होता. धापा टाकतच तिनं विचारलं, "म्हाळूकाका, शिवरातीची कणसं?"

गुरवानं झाडूनं वर दाखवलं. मंडपाच्या तुळईला कणसांचा झुबका टांगला होता आणि त्यावर चिमण्यांचा नुसता कालवा चालला होता. देवाला वाहिलेलं कणीस तिथं चिमण्यांचंच. कावेरीनं टाळ्या वाजवून त्या उडवल्या, ओट्यावर चढून झुबका खाली घेतला. लाल दोऱ्याचं कणीस लगेच सापडलं. इतर कणसांवर अजून थोडे दाणे होते. यावर एकही नव्हता. बारीक दाणा चिमण्यांना सोपा पडला असणार. तिनं खालची फरशी बोटांनी चाचपली, तर गुरव म्हणाला, "दोनदा झाडलंय मी आज. काय हरपलं, पोरी?"

ती पायरीवर बसली आणि रडली. लाज न बाळगता, नाक ओढत, पोत्यावरची कावूनबाई रडायची तशी रडली. पुढच्या हंगामात रान पुन्हा पालथं घालता आलं असतं, पण तोवर मुदत कुठं होती? उदगीर डोळ्यांपुढं आलं, कापडाचं दुकान आलं. माणसं चांगली होती, त्याचंच तिला जास्त रडू आलं; वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

उन्हं कलली तशी ती पिशवी न्यायला रानात परतली. मंजुळाबाई बांधावर बसून गुडघा चोळत होती. कावेरी तिच्या शेजारी बसली आणि त्या मुंडक्याविना उभ्या धाटाकडं बघत राहिली. पाटाच्या कडेची ओल बुडाशी अजून होती. बघता बघता तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं:

"मावशी, सगळं रान उपटलं. ह्येच उभं कावून ठिवलं?"

"देवाचं धाट उपटत न्हाईत," मंजुळाबाई म्हणाली. "कनीस तेवढं न्यायचं. धाट आपल्या मनानं पडंल तवा पडंल."

कावेरी उठली. धाटाजवळ गुडघ्यांवर बसली. बुडाजवळची वाळकी पात सोलली, आणखी एक सोलली. खालच्या पेऱ्याशी, मातीच्या जरा वर, एक कोंब आला होता. हिरवा, टोकदार, भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. शेंडा गेला, तशी बुडाच्या झोपलेल्या डोळ्यातली पेशी जागी झाली होती. जिचं नुसतं डोळा म्हणून राहायचं ठरलं होतं, तिनं ते मोडलं होतं. आणि फुटवा म्हणजे तेच झाड. त्याला जे कणीस येईल ते जोडदाण्याचंच. ज्या रीतीनं कणीस नेलं होतं, तिनंच धाट राखलं होतं! उपटलं असतं तर एव्हाना कडब्याच्या पेंढीत वाळत पडलं असतं.

"मावशी, मला ह्ये मुळासकट पायजे."

"याड लागलं का तुला? देवाचं हाय त्ये!"

मग कावेरीला सगळं सांगावं लागलं. दोरा खोटा बांधला होता. काहीच मागितलं नव्हतं. हुरड्यात जाऊ नये म्हणून केलेली युक्ती होती. ऐकता ऐकता मंजुळाबाईच्या कपाळाला आठ्या चढल्या.

"म्हंजी देवाला राखणीला बसवलंस व्हय गं? फुकट?"

कावेरीनं मान खाली घातली.

मंजुळाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग धाटाकडं पाहिलं. मग तिला हसू फुटलं, तोंडाला पदर लावावा लागला. "बरं, कनीस तर त्येनं घेतलं. मागनं तेवढं ऱ्हायलंय. आता माग. हिथंच माग, मंग ने."

कावेरीनं हात जोडले. चांगलं घर मागावं, मुदत मागावी, काय मागावं? डोळे मिटले आणि आत जे कायमचंच होतं, तेच वर आलं. ती मोठ्यानं बोलून गेली: "दोन्ही एकाच देठाचे, तर एक भरतो आन् एक पोचट कावून ऱ्हातो, तेवढं कळू दे."

"ह्यो नवस हाय का?" मंजुळाबाई म्हणाली. "ह्यो तर सवाल झाला." पण तिनंच खुरपं आणून दिलं आणि मुळाभोवतीची माती फोडायला खाली बसली.

अण्णारावांनी दुकानातला तेलाचा रिकामा डबा दिला आणि त्या कोंबापुरती शिवरात्रीची मुदत पुढं ढकलली. त्या डब्यात मातीसकट खुंट घेऊन कावेरी हैदराबादच्या गाडीत बसली, रात्रभर डबा मांडीवर. कंडक्टरनं डब्यात डोकावून पाहिलं आणि लहान मुलाचं अर्धं तिकीट लागेल म्हणाला. कावेरी लगेच पैसे काढायला लागली, तसा तो बिचारा ओशाळला.

डबा पाहून राधाकिशनसर हसले नाहीत. रोज सकाळी चहा हातात घेऊन काचघरात यायचे, कोंबाकडं बघायचे आणि निघून जायचे. मुदत संपायच्या दिवशी त्यांनी आपल्या वरिष्ठांकडं चार महिन्यांची वाढ मागितली, कारण म्हणून नुसतं "रोप जिवंत आहे" एवढंच सांगितलं. कोंबाची दोन पानं झाली, मग धाट झालं. उन्हाळ्याच्या काहिलीत त्याला बोटभर लांबीचं, किडकिडीत कणीस आलं. दाणे भरले तेव्हा कावेरीनं भिंग लावून एक जोडी पाहिली, दुसरी पाहिली, मग भिंग सरांच्या हातात दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सर बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी मान हलवली. त्या दाण्यांवर तिला पुढं तीन वर्षांचं काम मिळालं. उदगीरच्या मुलाचं लग्न निलंग्याच्या मुलीशी झालं, आणि अण्णाराव त्या लग्नात जेवून आले.

दोन हिवाळ्यांनंतर कावेरी हुरड्याला रानात आली, ती पदरात चार कणसं घेऊन. तेलाच्या डब्यातल्या धाटाची ती नातवंडं. अण्णारावांनी एक कणीस चोळलं, दाणे तळहातावर पसरले आणि नाक मुरडलं. "बारीक हाय. बाजारात भाव येणार न्हाई याला." पण ते दाणे त्यांनी खाल्ले नाहीत. हळूच सदऱ्याच्या खिशात टाकले.

दुसरं कणीस मंजुळाबाईनं घेतलं. आगटीत भाजलं, दोन्ही तळव्यांत चोळलं आणि सवयीनं जोरात फुंकर मारली. एखाद-दुसरं फोलकट उडालं. बाकी मूठ होती तशी भरलेली राहिली. तिनं हाताकडं पाहिलं, परत फुंकर मारली. परत तेच.

"आगं," ती म्हणाली, "ह्ये दोन्ही भरलेत. कावून?"

कावेरीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

"न्हाई कळलं अजून, मावशी," ती म्हणाली आणि तिच्या मुठीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले. "निम्मं कळलंय. बस, सांगते."